राज्यावाचून स्वराज्य : संपादक तिरुमल आचार्य

बेळगाव सोडून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच अंतरावर हिंडलगा हे गाव लागते. गाव तसे लहान. पण त्याचे नाव पंचक्रोशीबाहेर गेले ते मुख्यतः तेथील तुरुंगामुळे. १९५० सालच्या एप्रिल महिन्यात या तुरुंगात एक वृद्ध स्थानबद्ध आणण्यात आला. पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान त्या सुमारास दिल्लीस आले होते. नेहरूंशी त्यांचा करार व्हावयाचा होता, आणि त्या वेळी काही गडबड होऊ नये म्हणून सरकारने प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या नव्या कायद्याचा आधार घेतला होता. स्थानबद्धाचे नाव विनायक दामोदर सावरकर. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. सुमारे शंभर दिवसांनी, एक वर्षभर राजकारणात भाग घेणार नाही अशी हमी दिल्यावर त्यांची सुटका झाली. अंदमानात जन्मठेपेच्या दोन शिक्षा घेऊन गेलेल्या माणसाला स्वतंत्र भारतातही तुरुंगाचे दार पाहावे लागले. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, या योगायोगाने अनेकांना विचारात पाडले असल्यास नवल नाही.

याच काळात मुंबईस, मलबार टेकडीवरील रिज रोडच्या एका घरात, क्षयाने पोखरलेला दुसरा एक वृद्ध आपली लेखणी चालवीत बसला होता. एकेचाळीस वर्षांपूर्वी लंडनच्या हायगेट भागातील ‘इंडिया हाउस’मध्ये हे दोघे एकाच मंडळीत वावरले होते. पुढे त्यांच्या वाटा इतक्या फाकल्या की एकाचे ध्येय दुसऱ्यास अनर्थ वाटावे. सावरकरांना बलाढ्य राष्ट्र हवे होते, आणि बलाढ्य राष्ट्र म्हणजे बलाढ्य राज्यसंस्था. मुंबईच्या त्या वृद्धाला राज्यसंस्थाच नको होती. परके राज्य नको इतकेच त्याचे म्हणणे नव्हते. राजाचे राज्य नको, भांडवलदारांचे नको, मजुरांच्या नावाने चालणारेही नको, असे तो तीस वर्षे लिहीत आला होता. त्याचे पूर्ण नाव मंडयम प्रतिवादी भयंकरम् तिरुमल आचार्य. वैष्णव आचार्यांच्या एका जुन्या घराण्याचे ‘प्रतिवादी भयंकर’ हे बिरुद त्याच्या वाट्यास वारशाने आले होते. त्याने ते आयुष्यभर खरे करून दाखविले, आणि प्रतिवादी म्हणून सगळ्या जगातील सरकारे निवडली.

आचार्यांची कथा समजावयाची तर आधी एका शब्दाची कथा समजून घेतली पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘अनार्किस्ट’. १९०८ साली हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या रकान्यांतून एकसारखा वाजत होता. मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, आणि इंग्रजी राज्यकर्त्यांनी व त्यांच्या पत्रांनी बॉम्ब करणाऱ्या बंगाली तरुणांना ‘अनार्किस्ट’ ठरवून टाकले. मराठीत त्याचे ‘अराजक’ झाले, आणि अराजक म्हणजे बजबजपुरी हे तर आपल्याकडे पूर्वीपासूनच रूढ होते. वस्तुतः त्या तरुणांना बजबजपुरी नको होती व राज्यसंस्थेचा लोपही नको होता; त्यांना परके राज्य घालवून स्वतःचे राज्य आणावयाचे होते. युरोपात मात्र याच शब्दाला एका स्वतंत्र विचाराचे वजन होते. प्रूधाँ, बाकुनिन, क्रपॉट्‌किन या विचारवंतांनी असे मांडले होते की, माणसे परस्परांच्या साह्याने आपले व्यवहार चालवू शकतात. वरून दंडा उगारणारी सत्ता ही व्यवस्थेचे कारण नसून अव्यवस्थेचे मूळ आहे. आपल्या शांतिपर्वातही या दोन्ही बाजू आहेत. राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळील, हा मत्स्यन्यायाचा धाक तेथे आहे; आणि आरंभीच्या युगात राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता, लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत होते, असे वर्णनही तेथेच आहे. आपण पहिली गोष्ट लक्षात ठेवली व दुसरी विसरलो. आचार्यांनी दुसरी गोष्ट पत्करली, पण तेथवर पोहोचण्यास त्यांना अर्धे जग पालथे घालावे लागले.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १८८७ रोजी मद्रासेस झाला. घराण्याचे संबंध म्हैसूरकडे होते. मंडयम कुटुंबातील आप्तांनी १९०६ साली मद्रासेत ‘इंडिया’ नावाचे तमिळ साप्ताहिक काढले आणि त्याच्या संपादनाची धुरा सुब्रह्मण्य भारती या तरुण कवीकडे दिली. विशीतील आचार्य या पत्राच्या कामात पडले. पत्राचा सूर टिळकांच्या राष्ट्रीय पक्षाचा होता. सुरतेच्या काँग्रेसमध्ये १९०७ साली जी फूट पडली तिच्यात मद्रासची ही मंडळी टिळकांच्या बाजूस होती. मग १९०८ साल उजाडले आणि देशातील संपादकांवर जणू वरवंटाच फिरला. जून महिन्यात वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा अधिकार सरकारने कायद्याने घेतला. जुलैत ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेस रवानगी झाली. तीच लाट मद्रासेत पोहोचली. ‘इंडिया’चे कागदोपत्री संपादक श्रीनिवासन पकडले गेले व त्यांना शिक्षा झाली. भारती व त्यांचे सहकारी फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले आणि तेथून पत्र पुन्हा निघू लागले. एका सरकारच्या हद्दीत जे लिहिणे गुन्हा, तेच काही कोसांवरील दुसऱ्या सरकारच्या हद्दीत क्षम्य! सीमेच्या रेघेचा हा अर्थ आचार्यांना एकविसाव्या वर्षीच कळला. बेळगाव-निपाणीच्या वाचकांना तो निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पाँडिचेरीतही हेरांचा ससेमिरा चुकला नाही. नोव्हेंबर १९०८ मध्ये आचार्यांनी हिंदुस्थानचा किनारा सोडला. तो त्यांना पुन्हा दिसला सव्वीस वर्षांनी.

पॅरिसमार्गे ते लंडनला आले व इंडिया हाउसमध्ये दाखल झाले. हे घर श्यामजी कृष्णवर्म्यांनी १९०५ साली हिंदी विद्यार्थ्यांसाठी उघडले होते. त्याच वर्षी त्यांनी ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ हे मासिक सुरू केले. हर्बर्ट स्पेन्सरची स्वातंत्र्यविषयक वचने त्याच्या शिरोभागी असत. श्यामजी पॅरिसला गेल्यावर घराचे पुढारीपण सावरकरांकडे आले. तमिळ प्रांतातून आलेले व्ही. व्ही. एस. अय्यर त्यांचे उजवे हात होते. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली यांना गोळी घातली, आणि इंडिया हाउसची घडी मोडली.

या प्रसंगी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपल्या इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच जाते. ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ छापल्याबद्दल त्याच्या इंग्रज मुद्रकाला राजद्रोहाखाली शिक्षा झाली. पत्र छापावयास आता कोण धजणार? गाय अॅल्ड्रेड नावाचा बावीस वर्षांचा एक इंग्रज तरुण पुढे आला. हिंदी क्रांतिकारकांचे सगळे विचार त्याला मान्य होते असे नव्हे. तो खराखुरा अनार्किस्ट होता, व राजकीय हत्येचा पुरस्कर्ता नव्हता. परंतु मुद्रणस्वातंत्र्य हे कोणा एका मताचे नसते, अशी त्याची निष्ठा होती. त्याने ऑगस्ट १९०९ चा अंक छापला, आणि सप्टेंबरात त्याला बारा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे सावरकर अंदमानात असताना याच अॅल्ड्रेडने आपल्या ‘हेरल्ड ऑफ रिव्होल्ट’ पत्रातून त्यांच्या सुटकेसाठी आवाज उठविला. हिंदी संपादकासाठी एक इंग्रज मुद्रक तुरुंगात जातो, आणि त्याला तुरुंगात घालणारे सरकार स्वतःला मुद्रणस्वातंत्र्याची जननी म्हणविते, हा देखावा आचार्यांनी जवळून पाहिला.

तथापि ते अजून अनार्किस्ट झाले नव्हते. त्यांच्या डोक्यात शस्त्रांची विद्या होती. मोरोक्कोतील रिफ टोळ्या त्या वेळी स्पेनशी झुंजत होत्या. त्यांच्यात सामील होऊन रणविद्या शिकावी म्हणून ऑगस्ट १९०९ मध्ये ते सुखसागर दत्त यांच्यासह निघाले. बेत फसला. तेथून लिस्बन, पॅरिस, बर्लिन, १९११ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, त्यानंतर अमेरिका, अशी त्यांची भ्रमंती सुरू झाली. पहिले महायुद्ध पेटल्यावर जर्मनीच्या साह्याने हिंदुस्थान मुक्त करू पाहणाऱ्या बर्लिन समितीत ते शिरले. सुवेझच्या बाजूस जाऊन इंग्रजांच्या फौजेतील हिंदी शिपायांना फितविण्याच्या प्रयत्नात त्यांनी भाग घेतला. १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या जोडीने त्यांनी स्टॉकहोम येथे हिंदी स्वातंत्र्याच्या प्रचाराचे केंद्र चालविले. या सर्व काळात इंग्रज पोलिसांच्या टिपणांतून अशा सगळ्या हिंदी मंडळींना ‘अनार्किस्ट’ हे एकच नाव चिकटविलेले असे. वस्तुतः या दिवसांत आचार्य एका सरकारविरुद्ध दुसऱ्या सरकारची मदत मागत फिरत होते. स्पेन, तुर्कस्तान, जर्मनी यांपैकी प्रत्येक ठिकाणी त्यांना एकच अनुभव आला. प्रत्येक सरकारला हिंदुस्थानचे स्वातंत्र्य हवे होते ते आपल्या शत्रूला दुखविण्यापुरते.

मग रशियात क्रांती झाली. येथे तरी निराळे सरकार असेल अशी आशा धरून १९१९ साली राजा महेंद्रप्रताप, बर्कतुल्ला यांच्यासह आचार्य मॉस्कोस गेले. लेनिनची भेट झाली. तेथून काबूल, तेथून ताश्कंद. १९२० च्या ऑगस्टपर्यंत चाललेल्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या दुसऱ्या अधिवेशनाला ते हजर होते. १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंदला हिंदी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली. संस्थापक सात होते. त्यांत मानवेंद्रनाथ रॉय होते, अवनी मुखर्जी होते आणि आचार्यही होते. किंबहुना पक्षाच्या अध्यक्षपदावर आचार्यच होते. परंतु काही आठवड्यांतच रॉय यांच्याशी त्यांचा खटका उडाला. बाहेरच्या सत्तेच्या आज्ञेने चालणारा पक्ष हिंदी लोकांचा पक्ष कसा, असा आचार्यांचा रोख होता. जानेवारी १९२१ मध्ये त्यांना दूर करण्यात आले.

ते मॉस्कोस आले, तो महिना रशियाच्या इतिहासात विलक्षण होता. फेब्रुवारी १९२१ मध्ये वृद्ध क्रपॉट्‌किन वारला. त्याच्या अंत्ययात्रेसाठी तुरुंगातील काही अनार्किस्ट कैद्यांना एका दिवसापुरते सोडण्यात आले, आणि सायंकाळी ते पुन्हा कोठडीत गेले. मार्चमध्ये क्रोनस्टाटच्या खलाशांनी सोव्हिएतांना खरी सत्ता मागितली, आणि बोल्शेविक सरकारने तोफा डागून त्यांचे बंड मोडले. ज्या क्रांतीने झारचे तुरुंग उघडले तिनेच ते पुन्हा भरले, हे आचार्यांनी तिच्या राजधानीत राहून पाहिले. सत्ता हाती येताच मुक्तिदात्याचा जेलर होतो, मग तो कोणत्याही रंगाचा झेंडा मिरवीत असो, हा सिद्धांत त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता. मॉस्कोतच त्यांचा विवाह माग्दा नाखमान या चित्रकर्तीशी झाला. ती सेंट पीटर्सबर्गची. प्रसिद्ध चित्रकार बाक्स्ट याच्या हाताखाली शिकलेली. १९२२ च्या अखेरीस हे जोडपे बर्लिनला आले.

ज्या माणसाला इंग्रज पोलीस चौदा वर्षे उगाच अनार्किस्ट म्हणत आले होते, तो आता खरोखर अनार्किस्ट झाला. आणि नवल असे की, अनार्किस्ट होताच त्याने शस्त्र टाकले.

बर्लिनमध्ये त्याच डिसेंबरात निरनिराळ्या देशांच्या स्वतंत्र कामगार संघांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला आचार्य उपस्थित होते. रुडॉल्फ रॉकर, ऑगस्टिन सूखी, अलेक्झांडर बर्कमन हे आता त्यांचे सोबती झाले. हिंदुस्थानात या विचाराचे वाङ्मय पाठविण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला, आणि सरकारने ते रोखण्याचा. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, अमेरिकन अनार्किस्ट पत्रांतून त्यांचे लेख येऊ लागले. ‘फ्रीडम’, ‘रोड टु फ्रीडम’, ‘लां दोर’, ‘मॅन’ ही त्यांतील काही पत्रे. त्यांपैकी बहुतेक हातातोंडाची गाठ पडत नसलेली चिमुकली पत्रे होती, व त्यांच्याकडून मोबदल्याची आशा नव्हती.

या लेखांत आचार्य वारंवार एका माणसाकडे वळताना दिसतात. तो माणूस म्हणजे गांधी. ज्या वेळी युरोपातील पुष्कळसे क्रांतिकारक गांधींना धर्मवेडे समजून हसत, त्या वेळी आचार्यांनी त्यांच्या चळवळीतील मर्म ओळखले होते. सरकार हे हिंसेवर उभे असते. म्हणून सरकारशी हिंसेने लढणारा त्याच्यासारखाच होतो, आणि त्याला सहकार्य नाकारणारा मात्र त्याचा पायाच काढून घेतो, असे त्यांचे प्रतिपादन असे. गांधींनी स्वतः १९१६ साली काशीच्या हिंदु विश्वविद्यालयाच्या समारंभात आपण अनार्किस्ट आहोत, पण निराळ्या प्रकारचे, अशा अर्थाचे उद्गार काढून व्यासपीठावरील राजेमहाराजांना अस्वस्थ केले होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात. आणि १९२४ च्या डिसेंबरात गांधी ज्या एकाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले तीही बेळगावचीच. गंगाधरराव देशपांड्यांनी उभारलेल्या त्या नगरात गांधींनी चरख्याला आणि खेड्याला राजकारणाच्या मध्यभागी आणून बसविले. बर्लिनच्या थंडीत बसलेला एक निर्वासित हिंदी संपादक त्याच गोष्टीकडे दुसऱ्या टोकावरून येत होता. स्वराज्य म्हणजे दिल्लीच्या गादीवरील माणूस बदलणे नव्हे, ही ती गोष्ट. मात्र आचार्य गांधींचे भक्त नव्हते. काँग्रेसला सत्ता हवी आहे, आणि गांधी काँग्रेसला आवरू शकणार नाहीत, असा इशारा ते देत राहिले.

१९३३ मध्ये हिटलरच्या हाती जर्मनीची सत्ता गेली. पती सावळा हिंदी अनार्किस्ट, पत्नी पितृकुलाने ज्यू. त्यांना बर्लिनमध्ये राहणे अशक्य झाले. स्वित्झर्लंडमार्गे, मोठ्या यातायातीने ब्रिटिश पासपोर्ट मिळवून, आचार्य १९३५ साली मुंबईस उतरले. मागाहून माग्दाही आली. देशातून गेले तेव्हा त्यांचे मिसरूड नुकते फुटले होते. परतले तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ना घर, ना पक्ष. राष्ट्रवाद्यांना ते परके झाले होते, कम्युनिस्टांच्या दृष्टीने ते धर्मभ्रष्ट होते, आणि अनार्किस्ट म्हणावेत असे त्या प्रचंड शहरात त्यांना किती मिळणार?

या अवस्थेत त्यांना लेखनासाठी पाने दिली ती पुण्याच्या ‘मराठा’ पत्राने. टिळक-आगरकरांनी १८८१ साली ‘केसरी’बरोबर काढलेले हे इंग्रजी भावंड. १९३७ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ‘मराठा’त आचार्यांच्या आठवणी क्रमशः आल्या. ‘इंडिया’ पत्राचे दिवस, पाँडिचेरी, लंडन, मोरोक्कोचा फसलेला बेत, सारे त्यांत आहे. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून सावरकर त्याच वर्षी मे महिन्यात मुक्त झाले होते. त्यांच्या लंडनमधील दिवसांविषयीही आचार्यांनी पुढल्या वर्षी याच पत्रात लिहिले. मतभेदाची दरी रुंदावली तरी जुन्या सोबतीचे ऋण त्यांनी नाकारले नाही. एका द्रविड अनार्किस्टाच्या आठवणी टिळकांच्या पत्रात जिवंत राहिल्या, ही मराठी वृत्तपत्रसृष्टीला भूषणावह गोष्ट आहे.

या आठवणी पुण्यास छापल्या जात असतानाच, २ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांचे स्टॉकहोमचे सोबती वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांना स्टालिनच्या पोलिसांनी गोळी घातली. ऑक्टोबर संपता संपता ताश्कंदच्या सात संस्थापकांपैकी अवनी मुखर्जींचीही तीच गत झाली. रॉय यांना तर इंटरनॅशनलने १९२९ मध्येच हाकलले होते. ज्या राज्याला आचार्यांनी १९२१ मध्ये ओळखले आणि सोडले, त्याला ओळखण्यास इतरांना वेळ लागला, आणि काहींना तो वेळ मिळालाच नाही.

मुंबईत त्यांना दुसरा आधार मिळाला तो रणछोडदास भवान लोटवाला यांचा. ‘इंदुप्रकाश’ या जुन्या पत्राचे हे मालक म्हणजे मोठी विलक्षण असामी. तरुण श्रीपाद अमृत डांगे यांचे ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे पुस्तक १९२१ साली निघाले, तेव्हा त्यांना मार्क्सवादी ग्रंथ पुरविणारे व पाठीशी उभे राहणारे लोटवालाच. पुढे त्यांचे मन राज्यसंस्थेच्या समाजवादावरून उडाले आणि ते आचार्यांच्या विचाराकडे झुकले. त्यांच्या समाजशास्त्र संस्थेचे आचार्य चिटणीस झाले, आणि कालांतराने त्या संस्थेचे नावही स्वातंत्र्यवादी समाजवादाचे झाले. ‘कैसर-इ-हिंद’, दिल्लीचे ‘थॉट’, गांधींचे ‘हरिजन’, अशा मिळेल त्या पत्रात आचार्य लिहीत. १९४७ मध्ये अहिंसक अर्थशास्त्रावर त्यांची एक पुस्तिका निघाली. तिचा सारांश असा की, मजुरी आणि नफा जोवर आहेत तोवर अहिंसा हा केवळ उपदेश राहील. मालक जाऊन सरकार मालक झाले तर मजुराच्या मानेवरील जू तेच राहते, फक्त तक्रार कोणाकडे करावी हे कळेनासे होते. म्हणून जमीन, साधने व उत्पन्न स्वयंशासित गावांच्या व वस्त्यांच्या हाती असावे, आणि त्यांनी आपसांत संघ करून देश चालवावा.

या विचारात एक मोठी फट होती, आणि ती झाकून ठेवणे आचार्यांवर अन्याय करण्यासारखे होईल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या पूजकांना खडसावून विचारले होते की, हे खेडे म्हणजे अज्ञानाचे, संकुचितपणाचे आणि जातिद्वेषाचे डबकेच नव्हे काय? गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणवठ्यावर जाऊ द्यावयाचे तर गावाच्या डोक्यावर कायदा हवा, आणि कायद्यामागे राज्य हवे. ज्याला गावच गिळतो त्याचे संरक्षण स्वयंशासित गाव कसे करणार? आचार्यांचे उत्तर असे की, मालकी आणि दारिद्र्य गेले म्हणजे एकमेकांना गिळण्याचे कारणच उरणार नाही. हे उत्तर पुरेसे नाही. जात ही केवळ पोटापाण्याच्या व्यवहारावर उभी नाही, हे महाराष्ट्राने फुल्यांपासून ऐकलेले आहे. परंतु आचार्यांच्या प्रश्नालाही पुरेसे उत्तर मिळालेले नाही. दुबळ्याच्या रक्षणासाठी जे राज्य आपण उभारतो, ते उद्या त्याच दुबळ्यावर उलटले तर त्याला आवरावयाचे कोणी? आंबेडकरांनी यासाठी घटनेत मूलभूत हक्क घातले, त्यांसाठी न्यायालयाचे दार उघडे ठेवले. त्याच घटनेत प्रतिबंधक स्थानबद्धतेचे कलमही आहे, आणि प्रजासत्ताकाचा पहिला महिना उलटून गेला न गेला तोच तसा कायदाही झाला.

आचार्यांचे अखेरचे दिवस खडतर गेले. क्षयाने घर धरले होते. संसार चालला तो बराचसा माग्दाच्या कुंचल्यावर. मुंबईच्या कलावर्तुळात तिने नाव मिळविले होते. बर्लिनमध्ये तिने काढलेल्या व्यक्तिचित्रांत लेखक नाबोकोव्हचेही एक होते. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी मुंबईत तिच्या चित्रांचे प्रदर्शन उघडावयाचे होते. त्याच दिवशी, ते उघडण्यापूर्वी काही तास, तिचे निधन झाले. त्यानंतरची तीन वर्षे आचार्यांनी एकट्याने, आजाराशी आणि दारिद्र्याशी झगडत काढली. पण लिहिणे थांबविले नाही. २० मार्च १९५४ रोजी मुंबईच्या भाटिया रुग्णालयात ते वारले. लंडनच्या ‘फ्रीडम’सारख्या परदेशी पत्रांनी त्यांच्या मृत्यूची नोंद घेतली. ज्या देशासाठी ते एकविसाव्या वर्षी घराबाहेर पडले, त्याच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव कितीतरी काळ तळटिपेपलीकडे गेले नाही. अलीकडे, २०१९ मध्ये त्यांच्या लेखांचा संग्रह आणि २०२३ मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र इंग्रजीत निघाले, तेव्हा या विखुरलेल्या आयुष्याची सलग ओळख जगाला झाली.

त्यांना यश आले असे म्हणता येणार नाही. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, पंथ नव्हता. स्वतःच्या मालकीचे पत्रसुद्धा त्यांना कधी चालविता आले नाही. संपादकाची त्यांची भूमिका ‘इंडिया’च्या छापखान्यात घडली आणि पुढे दुसऱ्यांच्या पत्रांच्या कोपऱ्यांतून चालली. पण ज्या ज्या सत्तेच्या छायेत ते गेले, तिचे मीठ खाऊन तिची स्तुती त्यांनी केली नाही. इंग्रज, कैसर, लेनिन, हिटलर आणि अखेर स्वकीय, अशा पाच राजवटी त्यांनी पाहिल्या आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला : तुमच्या तुरुंगात कोण आहे?

त्या प्रश्नासह पुन्हा हिंडलग्याकडे यावे. १९५० साली सावरकरांना तेथे आणणारे राज्य मुंबई इलाख्याचा वारसा चालविणारे मुंबई राज्य होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरास रेघ सरकली आणि तोच तुरुंग म्हैसूर राज्यात गेला. पुढे राज्याचे नाव कर्नाटक झाले, बेळगावचे बेळगावी झाले. आज हिंडलग्यात तुरुंगाखेरीज आणखी एक वास्तू आहे. १९८६ च्या जून महिन्यात कन्नडसक्तीविरुद्ध झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडलेल्यांचे ते हुतात्मा स्मारक. दर वर्षी १ जूनला तेथे फुले वाहिली जातात. सीमेच्या कोणत्या बाजूस आपण असावे याविषयी या भागातील माणसाचे मत ठाम आहे, आणि त्यासाठी त्याने मोल दिले आहे. आचार्यांनी त्याला कोणती बाजू खरी हे सांगितले नसते. एवढेच सांगितले असते की, रेघ कोठेही ओढा, तिच्या आत राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत बोलण्याची, लिहिण्याची आणि सरकारला नाही म्हणण्याची मोकळीक आहे की नाही, हे आधी पाहा. ती असेल तर रेघ फिकी होत जाते. नसेल तर कोणत्याही बाजूचे राज्य हे परकेच राज्य ठरते.